आरपीजी बनवायच्या पुढच्या सॉफ्टवेअरकडून काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला चार जणांचा गट शनिवार-रविवारी बसून पेशवेकालीन पुण्यावर मराठी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) बनवतोय. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ, पेठांमधले हौद, एक वाडा आणि पिंपळावरचा मुंजा एवढं साहित्य आहे. सध्या आरपीजी मेकर एमझेड हे असे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर वापरतात. अशा सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीसाठी मागण्या पाठवायच्या तर कोणत्या पाठवाव्यात? त्यांची स्वतःची यादी: थ्रीडी, भरपूर तयार चित्रं, मल्टिप्लेअर आणि एआयने आपोआप लिहिलेले संवाद.

या चारही गोष्टी पहिल्या आठवड्यातल्या हौसेच्या आहेत. हौशी गेम पहिल्या आठवड्यात मरत नाही, तो सातव्या-आठव्या महिन्यात मरतो. तेव्हा चाळीस मॅप झालेले असतात, स्विच (गेममधली चालू-बंद अशी खूण) क्रमांक ३७ कोण चालू करतंय ते कुणालाच आठवत नाही आणि दोघांनी एकाच रात्री डेटाबेस (वस्तू, शत्रू, कौशल्यं यांच्या याद्या) बदललेला असतो. तेव्हा मागायचं ते त्या महिन्यासाठी मागा. आणि गेम मराठीत असेल तर त्याआधी अक्षर मागा, कारण तिथे पहिल्याच संवादाला ठेच लागते.

एमझेडमध्ये आणि त्याआधीच्या एमव्ही या आवृत्तीत संवादाची चौकट मजकूर एकेक कोड (युनिकोडची एक सुटी खूण) उचलून पडद्यावर उमटवते. इंग्रजीत एक कोड म्हणजे एक अक्षर, म्हणून चालून जातं. आपल्याकडे ‘क्षत्रिय’ या शब्दात अक्षरं तीन आणि कोड आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. हे आठ तुकडे सुटे काढले की क्ष फुटतो, त्रि फुटतो आणि वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर बसून लटकते. मजकूर एका दमात काढला तर ब्राउझरचं इंजिन तो नीट जोडतं. म्हणजे दोष फाँटचा नाही, तुकडे कुठे पाडायचे या निर्णयाचा आहे. गंमत अशी, की एमझेडच्या कोडमध्ये इमोजीसारखे जोड-कोड आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या यांच्यासाठी ‘इथे तोडू नकोस’ अशी अट घातलेली आहे. देवनागरीसाठी तेवढी घालायची राहिली.

तोवरचा उपाय: संवाद-खिडकीत ‘इथे थांबता येईल का’ हे ठरवणारं जे फंक्शन आहे, त्यात प्लगिनने (वरून जोडायच्या जावास्क्रिप्ट फाइलीने) दोन अटी वाढवा. पुढचा कोड काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल तर थांबू नये. मागचा कोड हलन्त असेल आणि पुढे व्यंजन असेल तरीही थांबू नये. हलन्तानंतर न दिसणारा जोडक कोड असेल तर त्यालाही हाच नियम लावा. एमझेड तुकडे साठवून मग एकदम काढतं, म्हणून एवढं पुरतं. एमव्ही प्रत्येक कोड लगेच काढून मोकळं होतं, त्यामुळे तिथे काढणारं फंक्शनच बदलून आधी पूर्ण अक्षर गोळा करावं लागतं. जावास्क्रिप्टमधली अक्षर-विभागणीची तयार सोय वापरायचा मोह होईल, पण दोन अडचणी आहेत. हे गेम संगणकावर ज्या ब्राउझर-सांगाड्यात चालतात त्या एनडब्ल्यू.जेएसच्या जुन्या आवृत्तीत ती सोयच नाही. आणि जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या मूळ विभागणीत १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या इंजिनात ‘क्ष’ हा ‘क्’ आणि ‘ष’ असाच तुटतो.

म्हणून मागणीचं वाक्य ‘मराठी सपोर्ट द्या’ असं लिहू नका. त्याचं उत्तर ‘युनिकोड आहेच की’ असं येतं. ‘मजकूर आधी हार्फबझसारख्या शेपिंग (कोड जोडून अक्षराचा आकार घडवणाऱ्या) इंजिनातून जाऊ द्या, मग अक्षरागणिक दाखवा’ असं लिहा. हे अशक्य नाही याचा दाखला समोर आहे: गोडो या मुक्त गेम-इंजिनाच्या ४ या आवृत्तीत (मार्च २०२३) हार्फबझ आहे, आणि अक्षरं एकेक करून दाखवताना ती जोडण्याआधी मोजायची की जोडल्यानंतर, हेही निवडता येतं.

याच मुळाचा दुसरा फांदा म्हणजे नाव टाकायची खिडकी. तिथली मर्यादा कोडमध्ये मोजली जाते. मर्यादा आठ ठेवली तर ‘ज्ञानेश्वर’ हे चार अक्षरांचं, दहा कोडचं नाव ‘ज्ञानेश्’ इथे कापलं जातं. शिवाय ती खिडकी सुट्या अक्षरांच्या चौकटींची आहे. आपल्याला आधी व्यंजन, मग मात्रांची ओळ, मग जोडाक्षरासाठी हलन्त अशी पायरी लागेल. आज करायचं तर ती खिडकी वापरूच नका, दहा-बारा नावांतून एक निवडायला द्या.

तिसरा फांदा उंचीचा. एमव्हीमध्ये फाँट २८ आणि ओळ ३६ पिक्सेल, म्हणजे सव्वापटीच्या जरा वर. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असे दोन मजले जास्त लागतात, निदान दीडपट जागा हवी. चार ओळींच्या १४४ पिक्सेलच्या जागेत तीनच ओळी घ्या, प्रत्येकी ४८. ‘कर्तृत्व’ हा शब्द वर-खाली न कापता दिसला की झालं. सोळा पिक्सेलच्या पिक्सेल-फाँटच्या नादी लागू नका, त्या आकारात ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा फाँट घ्या आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य-ऱ्ह तपासून बघा. कुणी श्रीलिपीत टाइप केलेले जुने संवाद आणले तर आधी युनिकोडमध्ये बदला. तसले फाँट सुट्या तुकड्यांचे असल्यामुळे अशा इंजिनात वरवर छान चालतात, आणि मग शोध, भाषांतर, अक्षरमोजणी सगळंच फसतं.

आता व्याकरण, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. लढाईतली वाक्यं डेटाबेसमध्ये साच्यासारखी असतात, नावासाठी एक रिकामी जागा आणि आकड्यासाठी दुसरी. साच्यात ‘ने’ लिहिलात तर ‘मुंजाने’, ‘हडळने’ असं दिसतं. पाहिजे ‘मुंज्याने’ आणि ‘हडळीने’. वस्तू मिळाल्याचं वाक्य आणखी नाठाळ: तलवार मिळाली, भाला मिळाला, चिलखत मिळालं, नाणी मिळाली. क्रियापद वस्तूच्या लिंग-वचनाने चालतं आणि साच्यात ते एकच असतं. तेव्हा मागणी अशी हवी, की डेटाबेसमधल्या प्रत्येक नामाला मूळ रूप, सामान्यरूप, लिंग आणि अनेकवचन हे चार रकाने असावेत, आणि साच्यात ‘या नावाचं सामान्यरूप’, ‘या लिंगाला हे क्रियापद’ असं लिहिता यावं. मोझिलाची फ्लुएंट ही भाषांतराची पद्धत याच दिशेने जाते, तिचा दाखला द्या. तूर्त विभक्ती टाळणारी वाक्यं लिहा: ‘झोळीत जमा: तलवार’, ‘मुंजा — वार! रखमा: १२ घाव’. कोरडं वाटतं खरं, पण चुकीच्या मराठीपेक्षा कोरडी मराठी बरी. (तू, तुम्ही, आपण यांचा प्रश्न उरतोच. नायक कारभाऱ्याशी ‘तू’ने बोलला तर पुण्यात तेवढ्यावरून वेगळी लढाई सुरू होईल. पण ते लेखकाने सांभाळायचं, सॉफ्टवेअरने नाही.)

आणि ओळ आपोआप तुटणं! एमझेडच्या मूळ संवाद-खिडकीत ते नाही, ओळी हाताने पाडाव्या लागतात. तीनशे संवाद लिहून झाल्यावर कुणीतरी फाँट दोन पिक्सेलने वाढवतो आणि तीनशे संवाद पुन्हा बसवावे लागतात. ही मागणी यादीत अगदी वर ठेवा. तोवर शब्दानुसार ओळ तोडणारं प्लगिन पहिल्याच दिवशी बसवा, नंतर नाही.

आता तो सातवा महिना.

स्विच आणि व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) हे या सॉफ्टवेअरच्या घराण्याचं जुनं दुखणं आहे. सगळे जागतिक, सगळे क्रमांकाने, आणि इव्हेंटचे (मॅपवरचं पात्र, दार किंवा झडप, ज्याला अटींनुसार चालणारी आज्ञांची पानं असतात) स्वतःचे सेल्फ-स्विच फक्त चार: ए, बी, सी, डी. एका हौदाच्या कोड्यात पाच झडपा आल्या की पाचवीसाठी जागतिक स्विच खर्ची घालावा लागतो. इव्हेंटपुरते, मॅपपुरते आणि पूर्ण गेमपुरते असे तीन पातळ्यांचे व्हेरिएबल हवेत. त्यांना नाव आणि प्रकार हवा, आणि प्रत्येकावर उजवी क्लिक केली की ‘कुठे लिहिला जातो, कुठे वाचला जातो’ ही पूर्ण यादी यावी. टेस्ट खेळताना शेजारी नोंदवही उघडी राहावी: अमुक फ्रेमला, अमुक मॅपवर, अमुक इव्हेंटच्या दुसऱ्या पानावरच्या चौथ्या ओळीने स्विच ३७ चालू केला. ही एक सोय मिळाली तर मी बाकी अर्धी यादी सोडून देईन.

ठरावीक चुका सॉफ्टवेअरने स्वतःहून पकडाव्यात. सगळ्यात नेहमीच्या तीन. ऑटोरन, म्हणजे आपोआप सुरू होऊन बाकी सगळं अडवणारं पान, ज्यात स्वतःची अट मोडणारी एकही आज्ञा नाही: गेम थिजतो, नायक हलत नाही, आणि नवशिक्याला वाटतं सॉफ्टवेअर हँग झालं. पॅरलल, म्हणजे बाकी खेळासोबत मागे चालत राहणारं पान, ज्यात ‘थांबा’ नाही: ते सेकंदाला साठ वेळा चालतं, संगणकावर कळत नाही, फोन तापतो. आणि पानांचा उलटा क्रम: अटी पूर्ण होणाऱ्या पानांपैकी सगळ्यात मोठ्या क्रमांकाचं पान चालतं, त्यामुळे ‘शोध पूर्ण झाला’ हे पान तिसऱ्या जागी आणि ‘शोध चालू आहे’ हे चौथ्या जागी ठेवलं तर म्हातारी जन्मभर तोच निरोप सांगत राहते. तिन्ही चुका गेम न चालवता ओळखता येतात. कोड लिहिणाऱ्यांची साधनं असल्या इशाऱ्यांनी भरलेली असतात, हौशी माणसाला मात्र रात्री दोन वाजता स्वतः शोधायला लावतात.

सेव्ह फाइलचं वेगळंच. झोळीतली वस्तू नावाने नाही, क्रमांकाने साठवली जाते. डेटाबेसमधली बारावी वस्तू काढून खालच्या एकेक वर सरकवल्यात, की तुमच्या चाचणी खेळाडूच्या जुन्या सेव्हमधल्या गुळाचं विष होतं. मागणी अशी, की प्रत्येक नोंदीला जन्मतःच कायमची ओळख मिळावी, यादीतली जागा आणि ओळख यांचा संबंध नसावा, आणि जुनी सेव्ह नव्या आवृत्तीत उघडताना काय बदललं ते सांगणारी पायरी असावी. तोवर नियम एकच: नोंद काढायची नाही, सरकवायची नाही. नको असेल तर नाव बदलून ‘रिकामी’ करा आणि नवीन नोंद शेवटी जोडा.

चौघं मिळून काम करताय, म्हणजे गिट (सगळ्यांचे फाइलींमधले बदल नोंदवून एकत्र करणारं साधन) वापरालच, आणि वापरताच रडाल. एमव्ही-एमझेडचा डेटा जेसनमध्ये, म्हणजे वाचता येणाऱ्या साध्या मजकुरात आहे. एक्सपी आणि व्हीएक्स एस या जुन्या आवृत्त्यांच्या बायनरी फाइलींपेक्षा हे शंभरपट बरं. पण ‘सिस्टिम’ फाइलमध्ये एक आवृत्ती-क्रमांक असतो, जो सेव्ह केलं की बदलतो. शेजारीच तुम्ही शेवटी कोणता मॅप उघडला होता हेही लिहिलेलं असतं. मॅपच्या यादीची फाइल तर झाडाची कोणती फांदी उघडी आहे आणि मॅप कुठवर स्क्रोल केला हेसुद्धा साठवते. परिणाम असा, की एकाने नुसतं बघितलं आणि दुसऱ्यानेही नुसतं बघितलं, तरी दोघांचे बदल गिटमध्ये आपसांत भिडतात. मागणी: माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या फाइलीत टाका, ती गिटबाहेर ठेवता येऊ द्या, आणि प्रत्येक शत्रू, वस्तू, कौशल्य यांची स्वतंत्र फाइल करा.

आत्ता करायचं ते असं: डेटाबेसचा मालक एकच माणूस. मॅप वाटून घ्या, म्हणजे सदाशिव पेठ एकाकडे आणि नळाचे भुयारी मॅप दुसऱ्याकडे. नवीन मॅप त्याच डेटाबेसवाल्याने आधी रिकामे तयार करून सगळ्यांना पाठवायचे, म्हणजे क्रमांक भांडत नाहीत. डेटाबेसला हात लावला नसेल तर कमिटच्या (गिटमध्ये बदल नोंदवण्याच्या) आधी ‘सिस्टिम’ फाइलमधला बदल फेकून द्या. सेव्हचं फोल्डर गिटमधून वगळा. मोठ्या ध्वनिफिती एलएफएसवर, म्हणजे गिटच्या मोठ्या फाइलींसाठीच्या सोयीत ठेवा.

लढाईच्या समतोलासाठी तर सॉफ्टवेअर आज हाताने खेळायच्या चाचणी-लढाईपलीकडे फारसं काही करत नाही. मूळ सूत्र आहे: हल्ल्याची चौपट वजा बचावाची दुप्पट. हल्ला २० आणि बचाव ३० असेल तर ८० वजा ६०, म्हणजे २० घाव. नायकाला फक्त १० जास्त हल्ल्याची तलवार दिली की १२० वजा ६०, म्हणजे ६०. हल्ला दीडपट, घाव तिप्पट. उलट शत्रूचा बचाव ४० केला की जुन्या तलवारीने शून्य. वजाबाकीचं सूत्र असं धारेवर चालतं, म्हणूनच हौशी गेममध्ये एक शत्रू चिलटासारखा आणि पुढचा डोंगरासारखा लागतो. त्याऐवजी हल्ल्याचा वर्ग भागिले (हल्ला अधिक बचाव), गुणिले अडीच, असं घ्या. पहिल्या तलवारीने २०, दुसरीने साडेसदतीस, आणि बचाव कितीही वाढवला तरी उत्तर शून्य होत नाही. सूत्र बदलणं आजही शक्य आहे. मागायचं ते हे: चित्र न दाखवता तीच लढाई हजार वेळा आपोआप लढवून किती फेऱ्या लागल्या, किती जीव उरला, किती औषधं संपली याचा आलेख द्या. संगणकाला हे काही सेकंदांचं काम. माणसाला वीस वेळा खेळून जो अंदाज येतो, तो घावात मुळातच असलेल्या २० टक्क्यांच्या चढउतारात वाहून जातो.

थ्रीडीबद्दल. तुम्हाला वाड्याच्या सज्ज्यावरून चालायचंय आणि सज्ज्याखालूनही चालायचंय, म्हणून थ्रीडी हवंसं वाटतंय. त्यासाठी थ्रीडी लागत नाही, टाइलला (मॅपच्या एका चौकोनाला) उंची लागते. आज एक टाइल कोणत्या बाजूंनी चालण्याजोगी आहे, आणि नायकाच्या वर आहे की खाली, यापलीकडे उंचीबद्दल काही सांगता येत नाही. पूल असला की दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असाव्या लागतात, म्हणून सगळे इव्हेंट आणि प्लगिनच्या कसरती करतात. ‘प्रत्येक थराला मजला-क्रमांक द्या, नायकाचाही मजला लक्षात ठेवा, जिना तो बदलेल’ हे मागा. चौक, सज्जा, माळवद आणि जमिनीखालचा नळ, सगळं एकाच मॅपवर बसेल.

तयार चित्रं मागून मिळतील ती किल्ले आणि जादूगारांचीच. नऊवारी, उपरणं, पुणेरी पगडी तुम्हालाच काढावी लागणार. एका पात्राला चार दिशा गुणिले तीन, म्हणजे ४८ पिक्सेलच्या बारा चौकटी, हे धरून वेळ काढा. मागायचंच असेल तर चेहरा-पोशाख जुळवणाऱ्या जनरेटरमध्ये स्वतःचे भाग घालताना रंगछटांचे नियम सोपे करा, आणि प्रत्येक चित्राचा परवाना नोंदवून श्रेयनामावली आपोआप तयार करा, असं मागा. मुक्त संग्रहातली चित्रं घेणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

बिल्ड करताना, म्हणजे वाटायचा गेम तयार करताना, दोन सापळे आहेत, दोन्हींचे इशारे सॉफ्टवेअरने द्यायला हवेत. विंडोजवर फाइलच्या नावातलं मोठं-लहान इंग्रजी अक्षर सारखंच, पण अँड्रॉइडवर आणि बहुतेक वेब सर्व्हरवर वेगळं. त्यामुळे घरी चाललेला गेम दुसरीकडे ‘चित्र सापडलं नाही’ म्हणून अडतो. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा. दुसरा सापळा म्हणजे ‘न वापरलेल्या फाइली वगळा’. फक्त प्लगिनने नावाने बोलावलेलं चित्र सॉफ्टवेअरला दिसत नाही आणि तेच वगळलं जातं. प्लगिनच्या शीर्षटीपेत लागणाऱ्या फाइली नोंदवायची सोय आहे, ती वापरा.

एक मागणी तुमच्या यादीत नाही, पण ती घालाच: फाइलींची रचना उघड करा. आरपीजी मेकर २००० आणि २००३ चे गेम आज फोनवर खेळता येतात ते ईझीआरपीजी या मुक्त प्रकल्पामुळे, आणि त्या लोकांना फाइलींची रचना उलगडून काढावी लागली. इंजिन दुसऱ्याचं असेल तर धोका आणखी वाढतो. युनिटी या गेम-इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं, पण मधलं वर्ष त्यावर उभ्या असलेल्या साधनांनी आणि त्यांच्या वापरकर्त्यांनी धाकधुकीत काढलं. मल्टिप्लेअरला सर्व्हर लागतो आणि त्याचा खर्च दर महिन्याला असतो, चौघांच्या गटाने तो विषय काढूच नये. एआयच्या संवादांचं म्हणाल तर मुंज्याच्या तोंडी शोभेल ते तुम्हालाच लिहावं लागेल.

मागणी पाठवताना नुसतं पत्र नको, नमुना प्रोजेक्ट जोडा: रिकामा मॅप एक, इव्हेंट एक, संवाद एक. संवाद असा: ‘ज्ञानेश्वरने दुसऱ्या चिठ्ठीत क्षत्रियाचं कर्तृत्व लिहिलं.’ सोबत तेच वाक्य वर्ड प्रोसेसरमध्ये कसं दिसतं त्याचं चित्र द्या आणि गेममध्ये ते अर्धं उमटलेलं असतानाचं चित्र द्या. देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरलाही दोन चित्रांतला फरक दिसेल, आणि नेमकी कोणत्या फंक्शनमध्ये अट घालायची हे तुम्ही प्लगिन लिहिताना शोधलेलंच असेल, तेही त्याच पत्रात टाका.